घुशींच्या बिळात विषारी गोळ्या : जबाबदार कोण?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बागेत घुशी झाल्या आहेत. कंत्राटदार बिळांत सेल्फॉसच्या गोळ्या टाकायचं म्हणतोय. काही घडलं तर जबाबदार कोण?
– सचिव, व्हाइटफील्ड, बंगळूरू

उत्तर : त्याला आजच थांबवा. सेल्फॉस म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागताच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. हवेपेक्षा जड असलेला हा वायू बिळांतून, भिंतींच्या भेगांतून तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरू शकतो आणि त्यावर उतारा नाही. या औषधाच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत. कंत्राटदाराकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना मागा. ‘वर्षानुवर्षं हेच करतोय’ हे उत्तर चालणार नाही.

विष निष्काळजीपणे हाताळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ खाली गुन्हा आहे. कोणी दगावलं तर कलम १०६ लागू शकतं. ‘सर्व जबाबदारी कंत्राटदाराची’ असं करारात लिहिल्याने समितीची फौजदारी जबाबदारी टळत नाही.

ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाची वडीही निर्धोक नाही. ती खाऊन मेलेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा घार खाते आणि विष तिच्या पोटात जातं. संरक्षित रानटी प्राण्याला मुद्दाम विष घालणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारच.

आधी उघडा कचरा बंद करा, गटारांना जाळ्या बसवा, पिंजरे लावा. गोळ्या टाकल्याच असतील आणि कोणाला मळमळ, धाप किंवा चक्कर आली, तर इमारत रिकामी करा आणि रुग्णालयात औषधाचं नाव लगेच सांगा.