किडनी थोडी काढायची की सगळी

वसई

चि. बाळ्यास,


अण्णांचा सीटीचा रिपोर्ट वाचला. डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.६ सेंटिमीटरची गाठ, बरीचशी बाहेर आलेली. उजवी किडनी ठीक, क्रिएटिनिन १.४. पित्ताशयासाठी सोनोग्राफी केली आणि गाठ निघाली, याचं आश्चर्य मानू नकोस. हल्ली किडनीचे बरेच कर्करोग असं भलतंच शोधताना सापडतात.

अण्णा मला फोनवर म्हणाले, "केळीला रोग लागला की कंदासकट उपटतो आपण. काढायचीच तर सगळी काढा." आगाशीच्या वाडीत जन्म गेला त्यांचा, दुसरं काय म्हणणार? पण वाडीत केळी शेकड्यांनी असतात, किडन्या दोनच.

एके काळी सर्जनही अण्णांसारखेच बोलत. कॅनडातल्या रॉबसननी १९६० च्या दशकात किडनी, भोवतालची चरबी, वरची ॲड्रिनल ग्रंथी असं सगळं एकत्र काढायची पद्धत रूढ केली. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही कित्येक वर्षं तेच पाहिलं. आता चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला, जमत असेल तर, गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी कड तेवढीच काढतात. जागा सोयीची असली तर सात सेंटिमीटरपर्यंतही. एवढ्या गाठीत रोग आटोक्यात ठेवायला दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच.

पण थोडी काढणं म्हणजे छोटं ऑपरेशन, असं समजू नकोस. उलट तेच जास्त अवघड. रक्तवाहिनीला क्लॅम्प लावायचा, गाठ कापायची, आतून शिवायचं, आणि हे सगळं साधारण पंचवीस-तीस मिनिटांत. उशीर झाला तर वाचवलेला भागच दुखावतो. नंतर रक्तस्राव होणं, लघवी झिरपणं हे धोकेही यातच अधिक.

इंटरनेटवर तुला युरोपातली एक चाचणी सापडेल, म्हणून आधीच सांगते. ५४१ रुग्ण, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी, निकाल २०११ सालचा. दहा वर्षांनी हयात होते ते सगळी किडनी काढलेल्यांत ८१ टक्के, थोडी काढलेल्यांत ७६. घाबरू नकोस. त्यातले कर्करोगाने गेलेले फारच थोडे होते, आणि किडनीचं काम थोडी काढलेल्यांतच चांगलं राहिलं. शिवाय त्या रुग्णांची दुसरी किडनी धड होती. अण्णांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, क्रिएटिनिन आत्ताच चढलेलं. त्यांच्या बाबतीत मी थोडी काढण्याच्याच बाजूची.

मात्र हट्ट धरू नकोस. पोट उघडल्यावर गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली दिसली, तर सर्जनला सगळी काढावी लागेल. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं. सही करण्याआधी अण्णांना वाचून दाखव, नंतर भांडण नको. डॉक्टरांना थेट विचार: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? दोन्ही किडन्यांचं वेगवेगळं काम बघायला डीटीपीए स्कॅन करायचा का? ते चिडले, तर परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घे. विरार लोकलची गर्दी अण्णांना झेपणार नाही, सकाळी लवकर गाडी कर. सरकारच्या महात्मा फुले योजनेत कोणता खर्च बसतो तेही तिथेच विचार.

आणि गुडघ्यांसाठी अण्णा मेडिकलमधून परस्पर आणतात त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आजच कपाटातून काढून घे. त्या किडनीला बाधतात. दुखलंच तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून दे.

तुझी,
आत्या