न सुटणारा नट : घरच्या गाडीदुरुस्तीतून मुलं काय शिकतात?



रविवारी सकाळी शहाडच्या कुठल्याही चाळीसमोर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी बाबा गाडी खोलून बसलेला दिसतो. खाली जुना पेपर, शेजारी पाने-पकडीचा डबा आणि बाजूला उकिडवा बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. पहिली दहा मिनिटं मजेत जातात. मग एक नट अडतो, स्क्रूची खाच झिजते, हात सटकून बोटं सोलवटतात. आणि "जा रे, आत जा तू, अंधार करू नको!" हे वाक्य येतंच. मला विचाराल तर खरा धडा तिथेच सुरू होणार असतो आणि नेमका विद्यार्थी वर्गाबाहेर जातो.

आधी नट का अडतो ते पाहू, कारण मुलं हेच विचारतात. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या बारीक फटीत तो ठासून बसतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट असेल आणि पावसाचं पाणी मुरलं, तर दोन धातूंच्या जोडीमुळे झीज आणखी वाढते. आपल्याकडे गाडी चार महिने उघड्यावर भिजते, मग दुसरं काय होणार? उपाय जोर लावण्याचा नाही, थांबण्याचा आहे. गंज सोडवणारं तेल टाका, पान्याने हलके ठोके द्या आणि अर्धा तास चहा घ्या.

आता जोराचं गणित. सहावीला आपण साधी यंत्रे शिकवतो. फळ्यावर तरफेची आकृती काढून ते जेवढं कळतं, त्याहून जास्त पान्याने कळतं. 15 सें.मी.च्या पान्यावर दहा किलोइतका जोर लावला, तर साधारण 15 न्यूटन-मीटर पीळ पडतो. त्याच पान्यात पाइप घालून लांबी 45 सें.मी. केली की तेवढ्याच जोरात 45. म्हणजे तिप्पट! सोडवताना हे बरं वाटतं. घट्ट करताना मात्र याच पाइपमुळे आटे जातात, कारण गाडीवरच्या छोट्या 6 मि.मी. बोल्टला दहाच्या आसपास पीळ पुरतो.

"घड्याळाच्या दिशेने घट्ट, उलट दिशेने सैल" हा नियमही इथेच डळमळतो. ऑइल काढायचा बोल्ट इंजिनाच्या खाली असतो. वरून वाकून हात खाली घातला की दिशा उलटी भासते आणि सोडवायचा बोल्ट माणूस आवळत बसतो. हे मुलांना दाखवायला सोपं आहे. पारदर्शक प्लास्टिकवर घड्याळ काढा आणि मागून बघायला सांगा, काटे उलटे फिरतील. (यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे मुळातच उलटे असतात. ते विचारून मोठ्यांचीही फजिती करता येते.)

स्क्रूची खाच झिजते त्यामागेही कारण आहे. जपानी रचनेवरून आलेल्या गाड्यांवरचे स्टार स्क्रू आपल्या घरातल्या स्टार पेचकसाच्या मापाचे वाटतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. पेचकस नीट बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खातो. दोष हाताचा नसतो, हत्याराचा असतो. मुलासमोर हे मोठ्याने म्हणा. पेन्सिल नीट धरता येत नाही म्हणून रडणाऱ्या पहिलीतल्या पोरालाही कधी कधी हेच ऐकायची गरज असते.

गाडी सुरूच होत नसेल तर घाईत सगळं खोलू नका. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं मिश्रण, ठिणगी आणि दाब. टाकीत पेट्रोल आहे का, कोक उघडा आहे का, लाल स्विच बंद तर नाही ना, इथपासून सुरुवात करा. मग प्लग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते मुलाला वहीत लिहायला सांगायचं. आपण ज्याला "प्रयोगाची नोंद" म्हणतो ती हीच. सुटलेले नट मुलाकडून खोललेल्या क्रमाने ठेवून घ्या. शेवटी एक नट उरण्याचा वैताग तरी वाचतो.

एक इशारा शहाड-कल्याणकरांसाठी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मि.मी. पाऊस झाला, तेव्हा उल्हास नदीचं पाणीही आपल्या भागात शिरलं होतं. असं पाणी गाडीत गेलं असेल तर किक मारून बघू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलं आहे असं समजा आणि गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या.

थांबायचं कुठे हेही मुलांना दिसू द्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी आलेल्या फ्युएल इंजेक्शनमध्ये घरच्या पान्याने फार काही करता येत नाही. ब्रेकचं काम पुरतं येत नसेल तर त्याला हात लावू नका, पैसे वाचवायची ती जागा नाही. इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसायची नाही. फडकं अडकलं की बोट जातं. मूल जवळ असेल तर चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि पेट्रोल काढायचं असेल तर त्याला खरोखरच आत पाठवा. पण का पाठवताय, ते सांगून.