द्राक्षबागेचे पाणी खारे तर नाही ना?

एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नवीन काड्यांत सूक्ष्मघडनिर्मिती होते. पुढील हंगामाचे घड याच काळात ठरतात. नाशिक जिल्ह्यात नेमक्या याच वेळी विहिरी आटतात आणि अनेक बागा बोअरच्या पाण्यावर जगवाव्या लागतात. हे पाणी खारे असेल तर नुकसान ऑक्टोबर छाटणीनंतर, घड कमी निघाल्यावर लक्षात येते.

क्षारांचा परिणाम : जमिनीत क्षार वाढले की ओलावा असूनही मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. वाढ खुंटते, पेरे आखूड राहतात. क्लोराईड व सोडियम पानांत साचून जुन्या पानांच्या कडा करपतात. ही पालाशची कमतरता समजून काही जण म्युरेट ऑफ पोटॅश देतात. त्यात सुमारे ४७ टक्के क्लोराईड असल्याने दुखणे वाढते.

मर्यादा : पाण्याची विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असल्यास द्राक्षाच्या उत्पादनात सहसा घट येत नाही. ती १.७ असल्यास सुमारे १० टक्के, तर २.७ असल्यास सुमारे २५ टक्के घट येऊ शकते. वाहकता १ असलेल्या १ लाख लिटर पाण्यातून सुमारे ६४ किलो क्षार बागेत येतात.

उपाय :

१) पंप अर्धा तास चालवून स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत १ लिटर पाणी घ्यावे व तपासून घ्यावे. मे महिन्यात पुन्हा तपासावे. माती व पानदेठही तपासावेत.

२) विहिरीचे गोडे पाणी सूक्ष्मघडनिर्मितीच्या काळासाठी राखून ठेवावे किंवा बोअरच्या पाण्यात मिसळून द्यावे.

३) ठिबकमुळे क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. पहिल्या हलक्या पावसात ते मुळांकडे येतात. म्हणून त्या वेळी ठिबक चालू ठेवावे.

४) भारी काळ्या जमिनीत आधी चर काढावेत, मगच जादा पाणी देऊन क्षार खाली धुवावेत. निचऱ्याशिवाय पाणी वाढवू नये.

५) जिप्सम सोडियम जास्त असेल तरच, माती परीक्षणानुसार द्यावे.

६) पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे.

७) नवीन लागवड खुंटावर करावी. डॉगरीजपेक्षा ११०-आर खुंटावर पानांत सोडियम कमी साचते.

तेव्हा पानांच्या कडा करपताना दिसल्या, तर खताच्या गोणीआधी पाण्याची बाटली भरावी.