पावनखिंडीची वाट आणि मुक्कामाचे जळण

(बी. ए. भाग २)

चालणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. आषाढ लागला की आष्ट्यातून आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे पंढरीच्या वाटेला लागतात. त्यामुळे गेल्या आषाढात मी पाठीला पिशवी अडकवून दोन दिवस डोंगरात चालायला निघालो, तेव्हा आमच्या आजीला चालण्याचे नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, "वारीला जाणारा देवाला जातोय. तू कुणाला जातूयास?" मी म्हणालो, "इतिहास बघायला." त्यावर ती म्हणाली, "आणि ऱ्हाणार कुठं? खाणार कुणाचं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण ते पुस्तकात होते. दुसऱ्याचे उत्तर वाटेत मिळाले. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या दुसऱ्या उत्तराविषयी आहे.

वाटेचा इतिहास

पन्हाळा ते विशाळगड ही वाट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तरीही चालण्यापूर्वी घटनाक्रम नीट मांडून घ्यावा, असे आमच्या इतिहासाच्या सरांनी बजावले होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. पावसाळा आला तरी वेढा उठला नाही. शेवटी १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. महाराजांच्या वेषात शत्रूला सामोरा गेलेला शिवा काशीद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा. पाठलागावर सिद्दी मसूद होता. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे यांनी त्याला अडवून धरले, महाराज विशाळगडावर पोहोचले, आणि घोडखिंड पावनखिंड झाली.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत पन्हाळा आहे. मात्र पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंतच्या वाटेवरच्या वाड्या कोणत्याही यादीत नाहीत. त्या फक्त चालणाऱ्यालाच भेटतात.

पहिला दिवस

आम्ही पंधरा मुले, आठ मुली आणि दोन प्राध्यापक असे पंचवीस जण शुक्रवारी दुपारी एस. टी. ने कोल्हापूर व तेथून पन्हाळ्याला गेलो. रात्री गडावरच मुक्काम केला. शनिवारी सकाळी बाजीप्रभूंच्या पुतळ्याला वंदन करून पुसाटी बुरुजाकडून खाली उतरलो. खिंडीपर्यंतचे अंतर, वाट कशी धराल त्याप्रमाणे, पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते.

म्हाळुंग्यावरून चढले की मसाईचे पठार लागते. हे पठार जांभा दगडाचे आहे. वरून सपाट, मैलोगणती पसरलेले. आणि पावसाळ्यात त्यावर धुके असे उतरते की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. आष्ट्याच्या सपाटीवर वाढलेल्या आम्हांला सपाट जागेत वाट चुकते हेच मुळी पटत नव्हते. आमच्याकडे उसाच्या फडाला बांध असतो, पाट असतो, दिशा कळते. इथे ना बांध ना झाड. म्हणून आम्ही एक पद्धत पाळली. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत शेवटी दमसासाचा गडी, आणि दर अर्ध्या तासाने मोजणी. प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. माझा आकडा सतरा होता. दोन वेळा अकरा हा आकडा आला नाही आणि आम्ही थांबलो; दोन्ही वेळा अकरा नंबर चिखलात रुतलेली चप्पल उपसत होता. चपला घालून या वाटेला येऊ नये, हा त्या दिवसाचा एक धडा.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या एकामागून एक येतात. सगळीकडे भाताची रोपलावण चालली होती. बायका इरली घेऊन चिखलात वाकलेल्या होत्या. आम्ही घोषणा देत बांधावरून जात होतो. त्या मान वर करून हसत आणि पुन्हा वाकत. आमच्या घोषणेइतकेच त्यांचे हसणेही वाटेच्या सवयीचे झाले असावे, कारण दर पावसाळ्यात हजारो माणसे इथून जातात.

मुक्काम

डोंगरातल्या मुक्कामाची सोय जगात सगळीकडे सारखी नाही. स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली गिर्यारोहकांचा क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी पर्वतावर पहिली झोपडी बांधली. आज त्या क्लबच्या सुमारे दीडशे झोपड्या आहेत. त्या चालणाऱ्यांसाठीच बांधलेल्या असतात. तेथील अन्न आणि सरपण त्यांच्यासाठीच वर चढवलेले असते. आपल्या सह्याद्रीत तसे नाही. इथे मुक्काम होतो तो देवळात, लेण्यात, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर कुणाच्या तरी राहत्या घरात. हा फरक मी जाण्यापूर्वी वाचला होता आणि आपली पद्धत अधिक आपुलकीची, असे वहीत लिहूनही ठेवले होते.

संध्याकाळी एका वाडीत पोहोचलो. मुली आणि मॅडम एका घरात, आम्ही पंधरा मुले आणि सर दुसऱ्या घरात. जेवणाचे पैसे माणशी आधीच ठरले होते. घर कौलारू, निम्म्या भागात गुरे, निम्म्या भागात माणसे. घरधनी आणि त्यांची बायको दोघेही दिवसभर रोप लावून आलेली. तरीही मावशींनी नाचणीच्या भाकरी, आमटी आणि भात असे सोळा जणांचे जेवण केले.

आमचा एकही कपडा कोरडा नव्हता. मावशी म्हणाल्या, "शेकून घ्या रं पोरांनो, लई भिजलाईसा." त्यांनी पडवीत शेकोटी पेटवून दिली. पडवीच्या भिंतीला लागून जळण रचलेले होते. खाली जाड लाकूड, वर बारीक फाटे, कडेला शेणींचा हुडवा. त्यांनी पेटवली ती चार लाकडांची. त्या निजायला गेल्यावर पुढचे आम्ही पाहिले. कुणी पँट वाळवली, कुणी बूट, कुणी वह्या. जाळ कमी झाला की हात मागे जायचा आणि लाकूड पुढे यायचे. भेंड्या झाल्या, गोष्टी झाल्या, रात्रीचा एक वाजला. मीही हात मागे नेला, आणि तो एकदाच नेला नाही.

पहाटे जाग आली तेव्हा मावशी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करीत होत्या. घरात गॅस होता, पण सिलिंडर रस्त्यापासून चिखलातून खांद्यावर आणावा लागतो, म्हणून तो नडीअडीला जपून ठेवलेला. चुलीच्या कडेने त्यांनी बाहेरची ओली लाकडे वाळायला मांडली होती. मी पडवीकडे पाहिले. भिंतीला लागून रचलेल्या जळणात माझ्या कमरेइतके खिंडार पडले होते.

मी विचारले, "मावशी, हे जळण कुठवर पुरवायचं असतं?"

त्या म्हणाल्या, "दसऱ्यापातूर." आणि चहा ओतू लागल्या.

त्यांनी दुसरा एक शब्दही काढला नाही. निघताना सरांनी वर पैसे देऊ केले तेव्हा ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. "पाव्हण्यांचं काय घ्याचं," म्हणाल्या.

एका पत्राची आठवण

शिवाजी महाराजांचे एक पत्र आम्हांला वर्गात शिकवले होते. राज्याभिषेकाच्या आधीच्या काळातले, चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठवलेले. त्यात महाराज बजावतात की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच बेफाम उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही. मग तुमची माणसे कुणब्याच्या घरातून कुणी धान्य, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण उचलू लागतील, आणि रयतेला शत्रूपेक्षा तुम्हीच नकोसे व्हाल. जे हवे ते बाजारातून दाम देऊन घ्यावे, अशी त्यात ताकीद आहे. महाराजांच्या रयतविषयक धोरणावरचा प्रश्न परीक्षेत आला होता. मी हेच पत्र उदाहरण म्हणून दिले होते आणि मला चांगले गुण मिळाले होते.

रविवारी माळेवाडी, पांढरेपाणी असे करीत आम्ही खिंडीकडे चाललो होतो आणि मला ते पत्र आठवत होते. त्यातले सरपण मी पाठ केले होते. पण रात्री माझ्या हातात आले तेव्हा ओळखले नव्हते. सर्वांत खटकले ते हे की, मला तरी ते ओळखता यायला हवे होते. माझे वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजतात. आई मे महिन्यात पाचट, खोडकी, मिळेल ते डोक्यावरून आणून पत्र्याखाली भरते आणि पावसाळाभर त्यातले मोजून काढते. लहानपणी त्यातले एक लाकूड खेळायला घेतले म्हणून मी मारही खाल्ला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कॉलेजच्या गटातून, पैसे भरून, पाहुणा म्हणून गेलो आणि एका रात्रीत मला आईचे जळण ओळखू येईना. शिक्षणाने माणूस पुढे जातो असे आपण म्हणतो. पुढे जाताना मागचे असे सुटते, हे मला त्या वाटेवर कळले.

दुपारी पावनखिंडीत उतरलो. आता तिथे लोखंडी जिना आहे. दोन्ही बाजूंनी पाणी धो धो येत होते. कासारी नदीचा उगम याच भागातला. तिचे पाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला आपल्या कृष्णेला मिळते. आम्ही डोके टेकवले. बाजीप्रभूंचे नाव आपल्याला माहीत आहे, शिवा काशीदचे माहीत आहे. खिंडीत पडलेल्या बहुतेक मावळ्यांची नावे माहीत नाहीत. तेही अशाच डोंगरवाड्यांत राहणारे, पावसाळ्याआधी जळण भरणारे लोक असतील, एवढे मात्र त्या दिवशी खात्रीने वाटले.

पुढील वर्षासाठी

घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न केला, "जळण कुणाचं जाळलासा?" मी न सांगताच तिला कळले होते. माझ्या कपड्यांना धुराचा वास येत होता.

ही सहल महाविद्यालयाने दर वर्षी काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गात न कळलेल्या कितीतरी गोष्टी पायांना कळतात. परंतु पुढे जाणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी अनुभवाने काही सूचना कराव्याशा वाटतात.

एक, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावा. तो असला तर शेकोटीची गरज निम्मी होते. दोन, एका घरात आठांपेक्षा जास्त जण उतरू नयेत. तीन, जेवणाच्या हिशोबात जळणाचे पैसे वेगळे आणि आधी धरावेत; निघताना देऊ केलेले पैसे पाहुणचार म्हणून नाकारले जातात, आधी ठरलेले नाकारले जात नाहीत. चार, घरच्यांनी दिलेले लाकूड तेवढे आपले. हात मागे न्यायचा नाही. पाच, गटातल्या एका जोडीने मे महिन्यात आधी एकदा त्या वाडीला जाऊन यावे. जुलैत तिथे पैसे देऊनही कोरडे लाकूड मिळत नाही. मे महिन्यात पावसाळ्याची भरणी चाललेली असते, तेव्हा हाताने मदत करता येते.

पाचव्या सूचनेसाठी मी आणि अकरा नंबर अशी दोन नावे सरांकडे दिली आहेत. परीक्षा संपल्यावर जाणार आहोत. त्या भिंतीला जेवढे खिंडार पाडले तेवढे तरी दोघांनी भरून यावे, असा विचार आहे. अकरा नंबरने या खेपेला बूट घेतले आहेत.