आगगाडीचे स्टेशन आणि गावाचे भवितव्य

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या पुस्तकात आपण शहरांची नावे पाठ करतो. अमुक शहर नदीकाठी आहे, अमुक शहर घाटाच्या तोंडाशी आहे, एवढे सांगितले की परीक्षेचे काम भागते. परंतु ते शहर तेथेच का वाढले, आणि त्याच्या शेजारचे, कदाचित त्याहून जुने असलेले गाव मागे का पडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या लेखात आम्ही त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा, म्हणजे आगगाडीच्या मोठ्या स्टेशनामुळे भोवतालच्या वस्तीला कसे वळण लागते याचा, विचार करणार आहोत. हा प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वाटांमुळे गावे मोठी होतात हा नियम आगगाडीहून फार जुना आहे. आपल्याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. हेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख असून, तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात सांगितले आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई व तेथून गलबतांनी परदेशी रवाना होई. पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि तगराचे वैभव ओसरले. जमीन तीच, नदी तीच; परंतु वाट गेली आणि तिच्याबरोबर पेठही गेली.

आता एक परदेशचे उदाहरण पाहू. जपानची राजधानी टोकियो येथे शिंजुकू नावाचे स्टेशन आहे. ‘शिंजुकू’ या शब्दाचा अर्थ ‘नवा मुक्काम’ असा आहे. जुन्या काळी राजधानीतून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाटसरूंच्या विसाव्यासाठी तेथे एक पेठ वसली होती. १८८५ साली तेथे आगगाडी आली, तेव्हा स्टेशन त्या पेठेपासून काहीसे दूर, शहराच्या अगदी कडेला होते. १९२३ साली टोकियोस भयंकर भूकंपाचा तडाखा बसला. शहराच्या मध्यभागातील असंख्य घरे जळाली आणि लोक पश्चिमेच्या मोकळ्या जागेकडे राहावयास गेले. त्यांना रोज कामावर नेण्या-आणण्यासाठी खाजगी कंपन्यांचे विजेचे लोहमार्ग शिंजुकूस येऊन मिळाले. जेथे माणसे गाडी बदलतात तेथे ती क्षणभर थांबतात, आणि जेथे ती थांबतात तेथे दुकान चालते. अशा रीतीने स्टेशनाभोवती मोठमोठी वस्तुभांडारे उभी राहिली. जवळच शहराला पाणी पुरविणारे जलशुद्धीकरण केंद्र होते. ते १९६५ साली हलविण्यात आले आणि त्या जागी १९७१ पासून गगनचुंबी इमारती उठू लागल्या. १९९१ साली राजधानीच्या कारभाराचे मुख्य कार्यालयही तेथेच आले. आज रोज लाखो प्रवासी या स्टेशनाचा उपयोग करतात. एकेकाळची शहराची कड आता शहराचे एक हृदयच बनली आहे.

ओसाकाकडील कोबायाशी इचिझो या कल्पक गृहस्थाने तर याच्या पुढची पायरी गाठली. १९१० साली त्याच्या कंपनीने शेताडीतून लोहमार्ग टाकला, तेव्हा गाडीत बसावयास पुरेशी माणसे नव्हती. म्हणून त्याने मार्गाच्या कडेची जमीन घेऊन तेथे घरे बांधली व ती मध्यम स्थितीतील कुटुंबांस हप्त्यांनी विकली. १९२९ साली मार्गाच्या शहरातील टोकाशी, म्हणजे उमेदा स्टेशनावर, त्याने मोठे वस्तुभांडार उघडले. सकाळी लोक कामासाठी शहरात जात आणि सुटीच्या दिवशी खरेदीसाठी. गाडी रिकामी म्हणून धावत नसे. लोहमार्ग आणि वसाहत यांची आखणी एकत्र करावी, हा धडा जगाने येथून घेतला.

आता घराकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५९ साली पुण्याकडून सोलापूरच्या दिशेने कुर्डुवाडीपर्यंत आला. त्या स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ हा शब्द आला की समजावे, गाव येथे नाही. येथून गावाकडे फक्त रस्ता जातो. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ. बालाघाटावरील माल बैलगाड्यांनी तेथे उतरे आणि पुन्हा वीस-बावीस मैलांची मजल करून स्टेशनावर जाई. ही अडचण दूर करण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे काढली. ती १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९५४ साली ती सरकारने खरेदी केली.

या लहानशा गाडीने तीन गावांचे भवितव्य तीन प्रकारांनी घडविले. पहिले कुर्डुवाडी. मोठ्या मार्गाचे रूळ साडेपाच फूट रुंद आणि लहान मार्गाचे अडीच फूट. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. या अडचणीतूनच हमालांना काम, व्यापाऱ्यांना वखारी आणि प्रवाशांना खाणावळी मिळाल्या. रेल्वेचा कारखानाही तेथेच निघाला आणि लोहार, सुतार, फिटर यांची बिऱ्हाडे आली. ‘बार्शीचा रस्ता’ एवढीच ज्याची ओळख होती, ते ठिकाण स्वतःच एक नगर बनले.

दुसरे गाव लातूर. लोहमार्गाचे टोक अनेक वर्षे तेथेच होते. टोकाच्या स्टेशनावर दूरदूरचा माल येऊन थांबतो, आणि जेथे माल थांबतो तेथे अडत, तोलाई आणि पेढी उभी राहते. गाडी आल्यानंतर सहाच वर्षांनी, १९१७ साली, तेथे गंजगोलाईची सुप्रसिद्ध बाजारपेठ आखण्यात आली. मध्ये वर्तुळ, आणि तेथून सोळा दिशांना निघालेले रस्ते! व्यापार आला तेव्हा त्याच्यासाठी जागा योजून ठेवण्याची दूरदृष्टी तेव्हाच्या कारभाऱ्यांनी दाखविली, हे विसरता कामा नये. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते; १९८२ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. याचे सारे श्रेय आगगाडीला देणे योग्य नव्हे. तेथील व्यापाऱ्यांचे साहस आणि शिक्षणसंस्थांचे परिश्रमही त्यात आहेत. तथापि पहिला धक्का रुळांनी दिला, हे नाकारता येणार नाही.

तिसरे गाव आपले धाराशिव. लहान गाडी बार्शीहून घाट चढून येडशीस येई आणि कळंब रोड, ढोकी, मुरूड असे थांबे घेत लातूरला निघून जाई. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र सुमारे वीस किलोमीटर बाजूला राहिले. कचेऱ्या येथे, न्यायालय येथे. पण गाडी नाही. जवळजवळ शंभर वर्षे येथील शेतकऱ्याचा माल आधी दुसऱ्याच्या पेठेत गेला, आणि येथील विद्यार्थी आधी मोटारीने निघून मग गाडीत बसला. पुढे लहान मार्ग काढून मोठा मार्ग टाकण्यात आला, तेव्हा तो वळवून धाराशिवास आणण्यात आला, आणि २००८ सालापर्यंत लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग धाराशिववरून जोडला गेला. आता सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवास येणाऱ्या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गास मंजुरी मिळून काम हाती घेण्यात आले आहे. तो पुरा झाला म्हणजे, ज्या गावाला शंभर वर्षे स्टेशनच नव्हते, ते जंक्शन होईल.

येथे आम्हांस पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. स्टेशन आले म्हणजे शहर आपोआप सुधारते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरी खरी नाही. स्टेशनामुळे जमिनीचा भाव चढतो, हे खरे. पण भाव चढल्यावर रुंद रस्ता, मंडई, शाळा, खेळाचे मैदान व सांडपाण्याची गटारे यांसाठी जागा सापडत नाही. कोबायाशीने आधी आखणी केली आणि मग वस्ती आणली. गंजगोलाईचे रस्ते आधी आखले गेले म्हणून बाजाराला शिस्त राहिली. आपले स्टेशन गावाबाहेर आहे. गाव आणि स्टेशन यांमधील जागा कशी भरते, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे धाराशिव अवलंबून राहील.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१६ सालच्या दुष्काळात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून पाण्याच्या गाड्या आणाव्या लागल्या. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही ती वाट. एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेने जोडलेली हीच ती गावे! ज्या वाटेने धान्य बाहेर गेले, त्याच वाटेने पाणी आत आले. लोहमार्ग संकटात मदत करतो हे यावरून दिसते. पण रुळांनी वाढविलेल्या शहराने आपल्या विहिरी, तलाव व नद्या यांची चिंता आधी वाहिली पाहिजे, हेही तितकेच स्पष्ट दिसते. धाराशिव तर तशाच अवर्षणाच्या प्रदेशात वसले आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुटीच्या दिवशी वडील मंडळींबरोबर एकदा स्टेशनावर जा. तेथून गावापर्यंतचा एक नकाशा स्वतःच्या हाताने काढा. आज कोठे शेत आहे, कोठे घर आहे, ओढा कोठून वाहतो, हे त्यात नोंदवा, आणि तो नकाशा जपून ठेवा. दहा वर्षांनी पुन्हा त्याच वाटेने चाला व काय बदलले ते ताडून पाहा. तगराची वाट बदलली तेव्हा तेथील लोकांच्या हाती कदाचित फारसे काही नसेल. आपल्या दाराशी वाट येत आहे, आणि तिचे काय करावयाचे हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.