घरफोडी आणि आपली वस्ती



न दिलेले घेण्यापासून अलिप्त राहण्याचे शील आपण दर पौर्णिमेला विहारात ग्रहण करतो. ते आपल्यापुरते झाले. ज्याने ते ग्रहण केलेले नाही, त्याच्यापासून घर कसे राखावे, हा प्रश्न उरतोच. पेटीतले चार मणी आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे गेले, तर मजुरी करणारे घर पुढची काही वर्षे सावरत नाही. म्हणून या विषयावर आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

पाली सुत्तांत चोरीच्या प्रकारांमध्ये 'संधी छेदणे' असा एक प्रकार येतो. भिंतीला भोक पाडून आत शिरणे, असा त्याचा अर्थ. मातीच्या भिंती होत्या तोवर आपल्याकडेही हेच चाले. आता भिंत सिमेंटची झाली, पण दार मात्र पातळ फळीचे किंवा पत्र्याचे राहिले. त्यामुळे चोर भिंतीच्या वाटेला जात नाही. तो कटावणी कोयंड्यात घालतो आणि एका हिसक्यात कोयंडा उपसतो. कुलूप जसेच्या तसे लोंबकळत राहते. शंभर रुपयांचे कुलूप काढून पाचशेचे लावले, तरी कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर असेल तर खर्च वाया गेला. कोयंडा आरपार बोल्टने बसवावा आणि नट आतल्या बाजूस घ्यावा. चौकट भिंतीत पक्की आहे ना, हेही पाहावे. बाहेरून दिसणाऱ्या कुलपापेक्षा दारातच बसविलेले कुलूप बरे, कारण घर बंद आहे हे ते ओरडून सांगत नाही.

चोर आधी पाहणी करतो. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दिवसाढवळ्या जळणारा दिवा, न झाडलेले अंगण या त्याच्या खुणा. उन्हाळ्यात मंडळी गच्चीवर झोपतात आणि खालचे दार नुसते लोटलेले असते, तेव्हा तर फोडण्याचेही काम पडत नाही. काही ठिकाणी आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. यावर उपाय एकच, शेजाऱ्याचा फोन नंबर उशाशी असणे. आत गेल्यावर हात प्रथम कपाटात, मग गादीखाली आणि धान्याच्या डब्यात जातो. आपल्या आयाबायांची ही 'गुप्त' जागा चोराला पाठ असते!

आपल्या वस्त्यांची एक खास अडचण आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, अशा दिवशी आळीच्या आळी कुलपे लावून निघते. तारखा साऱ्या जगाला ठाऊक. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कुटुंबांची घरे तर दसऱ्यानंतर महिनोन्‌महिने बंद असतात. अशा वेळी दर आळीतून दोन-तीन घरांनी पाळीपाळीने मागे राहावे. बचत गटाची पेटी आणि जयंतीची वर्गणी खजिनदाराच्या घरी ठेवू नये, बँकेत भरावी. त्यात खजिनदाराचेही भले आहे.

आपल्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, ही ख्याती सर्वश्रुत आहे. २०११ साली तेथे कुलूप नसलेली बँकेची शाखाही उघडली. पण २०१० पासून चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि २०१५ साली पोलीस ठाणे आले. आमच्या मते तेथील घरे आजवर राखली ती माणसांच्या एकमेकांवरील नजरेने. ती नजर आपल्या वस्तीतही असू शकते.

मात्र नजर आणि संशय यांत फरक आहे. चोरी झाली की बोट पारध्यांच्या पालाकडे जाते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून पुसला गेला, मनांतून नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. जन्मावरून माणूस ठरविण्याचे दुःख ज्या समाजाने भोगले, त्याच्या रात्रीच्या गस्तीत हातात शिट्टी आणि बॅटरी असावी, काठी उगारलेली नसावी. अनोळखी माणसाला विचारावे, अडचण वाटल्यास ११२ ला कळवावे.

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात दरिद्र्यांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी वाढली, असा क्रम सांगितला आहे. राजाने चोरांची मुंडकी उडविली, तेव्हा चोरांनीही शस्त्रे केली. कूटदंत सुत्तात उपाय येतो : शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन. वस्तीतील बेकार तरुणांसाठी संस्थेने शिवणयंत्रे किंवा वायरमनचा वर्ग काढला, तर तोही घरफोडीवरचाच खर्च समजावा.

एवढे करूनही घर फुटलेच, तर आत जाऊ नये, सांडलेले आवरू नये. ठशांचा माग त्यातच असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३३१ प्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीसाठी केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे आजच काढून नातेवाइकाकडे ठेवावीत. माल सापडल्यावर ओळख पटविताना त्यांचाच आधार होतो. हद्दीचा प्रश्न काढला, तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. तिची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच ठाण्याबाहेर पडावे.