जोडणी तुटली तरी अभ्यास चालू राहावा : फाइल व फ्लॅशकार्ड यांचे स्वतःच्या यंत्रांवरील समक्रमण

चेन्नईच्या दक्षिण भागात, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत पेरुंगुडी हा परिसर आहे. रस्त्याच्या कडेने माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि जवळच पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी आहे. या पाणथळीस २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शेजारच्या तरमणी येथे १९८८ मध्ये स्थापन झालेले एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान असल्याने कृषी संशोधकांनाही हा भाग परिचित आहे. डिसेंबर २०२३ च्या आरंभी मिचाँग चक्रीवादळामुळे झालेल्या अतिवृष्टीत हा सखल परिसर पाण्याखाली गेला. अनेक वस्त्यांत वीज व मोबाइल सेवा दीर्घकाळ खंडित झाली. अशा वेळी ज्याच्या टिपा, निरीक्षणे आणि परीक्षेची तयारी केवळ इंटरनेटवरील साठ्यात असते, त्याच्या हाती चालू स्थितीतील फोन असूनही त्याचा अभ्यास थांबतो.

हा प्रश्न पेरुंगुडीपुरता नाही. प्रक्षेत्रावर, डोंगरी गावात किंवा वादळानंतरच्या कोकणात हीच स्थिती उद्भवते. म्हणून आपल्या फोन व संगणकावरील माहिती परस्परांशी जुळती ठेवण्याचे काम, म्हणजेच समक्रमण, दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर न सोपवता स्वतःच्या यंत्रांवर कसे करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

दोन प्रकारची माहिती, दोन वेगळ्या पद्धती

कृषी अभ्यासकाकडे सामान्यतः दोन प्रकारची माहिती असते. पहिला प्रकार फाइलींचा : प्रक्षेत्रावरील छायाचित्रे, निरीक्षणांचे तक्ते, शोधनिबंधांच्या प्रती. दुसरा प्रकार फ्लॅशकार्डांचा : एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर असलेली, ठरावीक अंतराने पुन्हा समोर येणारी कार्डे.

या दोहोंतील भेद लक्षात घेतला नाही तर हानी होते. फाइलीचे समक्रमण संपूर्ण फाइल हे एकक मानते. दोन ठिकाणी बदल झाल्यास कोणती प्रत नवी, एवढेच ते पाहते. कार्डांच्या बाबतीत मात्र प्रत्येक उजळणी ही स्वतंत्र नोंद असते. सकाळी फोनवर चाळीस आणि रात्री संगणकावर तीस कार्डांची उजळणी केली, तर दोन्ही नोंदी एकत्र होणे आवश्यक असते. एकीने दुसरीला पुसून टाकणे नव्हे. यासाठी दोन वेगळी साधने वापरावीत.

फाइलींसाठी सिंकथिंग

सिंकथिंग ही मुक्तस्रोत प्रणाली २०१३ पासून उपलब्ध आहे. तिला मध्यवर्ती सर्व्हर लागत नाही. प्रत्येक यंत्राला एक दीर्घ ओळख-संकेत मिळतो; दोन्ही यंत्रांनी परस्परांचा संकेत मान्य केल्यावरच त्यांच्यात देवाणघेवाण सुरू होते. प्रवासातील माहिती सांकेतिक स्वरूपात असते. मोठी फाइल लहान खंडांत विभागली जाते व बदललेले खंडच पाठवले जातात, त्यामुळे मर्यादित जोडणीवरही काम होते. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असल्यास ती परस्परांना आपोआप शोधतात आणि इंटरनेट नसतानाही जुळतात.

प्रत्यक्ष मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

१. संगणकावर व फोनवर प्रणाली बसवावी. ॲन्ड्रॉइडसाठीचे मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस थांबवण्यात आले. त्याऐवजी ‘सिंकथिंग-फोर्क’ या नावाने चालणारी आवृत्ती वापरली जाते.

२. फोनवरील छायाचित्रांचे फोल्डर ‘फक्त पाठवा’ या प्रकारात ठेवावे. त्यामुळे संगणकावर चुकून झालेला बदल फोनवरील मूळ छायाचित्रांपर्यंत पोहोचत नाही.

३. निरीक्षणांच्या तक्त्यासाठी दोन यंत्रांवर एकच फाइल उघडू नये. एकाच फाइलीत दोन्हीकडे बदल झाल्यास सिंकथिंग जुन्या वेळेच्या प्रतीचे नाव बदलून ती ‘संघर्ष-प्रत’ म्हणून जपून ठेवते. मात्र दोन तक्त्यांतील ओळी एकत्र करण्याचे काम माणसालाच करावे लागते. यंत्र व दिनांक यांच्या नावाने रोजची स्वतंत्र फाइल ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

४. ‘जुन्या आवृत्त्या जपा’ ही सोय सुरू करावी. तीतील टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसाच्या आवृत्त्या तासागणिक, पुढे महिनाभर दिवसागणिक व त्यानंतर आठवड्यागणिक राखल्या जातात. एक मर्यादा ध्यानात ठेवावी : ही सोय दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांनाच लागू होते. त्याच यंत्रावर स्वतः पुसलेल्या फाइलीची जुनी प्रत तेथे मिळत नाही.

फ्लॅशकार्डांसाठी अँकी

विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. वाढत्या अंतराने उजळणी करण्याची पद्धत त्या विचारधारेतूनच पुढे विकसित झाली. २००६ पासून उपलब्ध असलेली अँकी ही प्रणाली याच तत्त्वावर चालते : सहज आठवलेले कार्ड उशिरा येते, विसरलेले लवकर येते.

कृषी अभ्यासास ही पद्धत विशेष अनुकूल आहे. कार्डाच्या पुढील बाजूस किडीचे छायाचित्र आणि मागे ‘तपकिरी तुडतुडे, भात, प्रादुर्भाव खोडाच्या बुंध्याशी’ असे उत्तर ठेवता येते. तमिळनाडूत काम करणाऱ्या मराठी अभ्यासकास स्थानिक शब्दांची कार्डेही उपयोगी पडतात : ‘नेल्’ म्हणजे भात, ‘वाळै’ म्हणजे केळ, ‘तेन्नै’ म्हणजे नारळ, ‘कुरुवै’, ‘सांबा’ व ‘नवरै’ ही तेथील भाताच्या हंगामांची नावे. शेतकऱ्याशी बोलताना हे शब्द तत्काळ आठवावे लागतात. त्यासाठी रोजची उजळणी अखंड राहणे महत्त्वाचे ठरते.

येथे एक चूक वारंवार घडते. अँकीचे फोल्डरच सिंकथिंगमध्ये टाकले की काम भागेल, असे वाटते. परंतु अँकी सर्व कार्डे व उजळण्या एकाच माहितीसंचात ठेवते. त्यात लेखन सुरू असताना प्रत निघाली तर संच बिघडू शकतो. दोन्हीकडे उजळणी झाली तर एका बाजूची संपूर्ण नोंद संघर्ष-प्रतीत अडकते. म्हणून अँकीचे फोल्डर फाइल-समक्रमणात कधीही घेऊ नये.

२०२३ पासून अँकीच्या संगणकीय आवृत्तीतच समक्रमण-सर्व्हर अंतर्भूत आहे. घरातील जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्यासाठी पुरेसा होतो. सर्व्हर सुरू करताना वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द द्यावा लागतो. त्यानंतर संगणकावरील अँकीच्या ‘समक्रमण’ या पसंतीत आणि फोनवरील अँकीड्रॉइडच्या ‘सानुकूल सर्व्हर’ या रकान्यात घरातील सर्व्हरचा पत्ता भरावा. पोर्ट क्रमांक सामान्यतः ८०८० असतो. पहिल्या वेळी ज्या यंत्रावर पूर्ण संच आहे, तेथून तो सर्व्हरवर चढवावा व नंतरच दुसऱ्या यंत्रावर उतरवावा. दिशा उलटी झाल्यास रिकामा संच भरलेल्या संचाची जागा घेतो. कार्डाच्या रचनेत बदल केल्यासही असे एकतर्फी समक्रमण करावे लागते, म्हणून रचना बदलण्यापूर्वी सर्व यंत्रांवरील उजळण्या जुळवून घ्याव्यात.

वीज गेली तर

रास्पबेरी पायला काही वॉट वीज पुरते, परंतु वीज गेली की तो थांबतो. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. या कामासाठी तो अधिक सोयीचा. राउटरही बंद पडल्यास फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. फोनला इंटरनेट नसले तरी स्थानिक जोडणी तयार होते. मात्र फोनच्या ॲपमधील ‘केवळ वाय-फायवर चालवा’ यांसारख्या अटी, तसेच अँकीसाठी हॉटस्पॉटवर बदलणारा सर्व्हरचा पत्ता, हे दोन्ही आधीच तपासून ठेवावेत. संकटाच्या दिवशी सेटिंग शोधण्यापेक्षा एखाद्या रविवारी राउटर बंद करून ही चाचणी घ्यावी.

सुरक्षितता

अँकीचा सर्व्हर स्वतः माहिती सांकेतिक करत नाही. म्हणून तो थेट इंटरनेटला उघडा ठेवू नये. घरच्या जाळ्यापुरता ठेवावा किंवा बाहेरून वापरायचा असल्यास वायरगार्डसारख्या खासगी आभासी जाळ्यातून वापरावा. सिंकथिंगच्या नियंत्रण-पानालाही परवलीचा शब्द द्यावा. शेतकऱ्यांची नावे, गट क्रमांक, उत्पन्नाची माहिती आपल्या नोंदवहीत असते. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानंतर ही जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आहे. तथापि शेतकऱ्याने विश्वासाने सांगितलेली माहिती जपणे हे कायद्याआधीचेही कर्तव्य आहे.

समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. समक्रमण चांगल्या बदलांइतक्याच तत्परतेने वाईट बदलही पोहोचवते. एका यंत्रावर पुसलेली फाइल दुसऱ्यावरूनही जाते. शिवाय सर्व यंत्रे एकाच खोलीत असतील आणि खोलीत पाणी शिरले, तर सर्व प्रती एकाच वेळी नष्ट होतात. पेरुंगुडीसारख्या सखल भागात तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेला सर्व्हर म्हणजे पुराची वाट पाहणारा सर्व्हर होय.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा. चेन्नईत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी ते दुसरे ठिकाण गावाकडील घर असू शकते. सिंकथिंगमध्ये दूरच्या यंत्रावर फाइली परवलीच्या शब्दाने बंदिस्त स्वरूपात ठेवण्याची सोय आहे. तेथील कोणालाही त्या वाचता येत नाहीत. अँकीचा संपूर्ण संच आठवड्यातून एकदा निर्यात करून ती फाइल या फोल्डरात ठेवावी. अशी तयार निर्यात-फाइल समक्रमणात घेण्यास हरकत नाही, कारण तिच्यात लेखन सुरू नसते. महिन्यातून एकदा राखीव प्रतीतून एखादी फाइल व एखादा कार्डसंच प्रत्यक्ष परत मिळवून पाहावा. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

समारोप

या व्यवस्थेला मोठा खर्च लागत नाही. एक जुना संगणक, एक सुटी हार्ड डिस्क आणि दोन सुट्टीचे दिवस पुरतात. मात्र अद्ययावतीकरण, तपासणी व राखीव प्रत यांचे दायित्व आपल्याकडे येते, हेही स्वीकारले पाहिजे. एका हंगामाची निरीक्षणे पुन्हा घेता येत नाहीत. ती हुकली तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. शेतकरी पुढच्या पेरणीचे बियाणे घरात कोरड्या व उंच जागी जपून ठेवतो. आपल्या नोंदींची काळजीही त्याच रीतीने घ्यावी.